कोठीतलं शिळं

आमच्या जोगेश्वरीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या वहिनी मला कित्येक वर्षं अंदमानचा भाव विचारत होत्या. मी 'पॅकेजचं' काम करते एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं, त्यावरून मी सहली काढते असा त्यांनी समज करून घेतला. माझ्या धाकट्या दिराची गोष्ट वेगळी. मी 'प्रॉक्सी' सांभाळते हे ऐकून तो गंभीरच झाला, कारण त्याच्या कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या नावाने हजेरी देणं, आणि त्यापायी त्याला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं. तिसरा शब्द 'कॅश'. त्याने घातलेला घोळ सगळ्यांत मोठा, तो पुढे सांगतेच. आता निवृत्त झाले आहे, तर आपण इतकी वर्षं काय करत होतो हे दिवाळी अंकाच्या वाचकांना तरी नीट सांगावं म्हणून लिहायला बसले. अंदमानसाठी कृपया विचारू नये.

काम तसं साधं. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी हल्ली सगळं स्वतः लिहीत नाहीत. तारीख कशी छापायची, पीडीएफ कशी काढायची, असे तुकडे जगात कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात आणि इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारात फुकट मिळतात. अशा एकेका तुकड्याला पॅकेज म्हणतात. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळे दिवसभर ती मागवत. शेजारी शेजारी बसलेली माणसं एकच पॅकेज पुन्हा पुन्हा सातासमुद्रापलीकडून आणत, आणि लाइन तुंबली की सगळी मिळून माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहत. म्हणून मी मध्ये एक मशीन बसवलं, त्यालाच आमच्यात प्रॉक्सी म्हणतात. कुणी काही मागितलं की ते मशीन बाहेरून एकदाच आणतं, मागणाऱ्याला देतं आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतं. पुढच्याने तेच मागितलं की घरातल्या घरात देतं. लग्नाच्या हॉलवर कोठीच्या खोलीत एक काकू बसलेली असते बघा, किल्ली कमरेला, चेहऱ्यावर संशय, आणि नारळ मागायला गेलं की आधी विचारते "कशाला हवाय?" ती काकू म्हणजे मी.

मशीनमध्ये साठवलेल्या या मालाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चार 'कॅश'. मी सरळ मनाने खोलीच्या दारावर 'कॅश सर्व्हर' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बिल्डिंगचा वॉचमन काठी घेऊन उभा. मलाच आत सोडेना. मग आमचे घाटकोपरचे अकाउंटंट आले.

"मॅडम, कॅश रोज संध्याकाळी टॅली करायची असते. तुमचा रिपोर्ट माझ्याकडे एकदाही आला नाही."

"अहो, ती पैशांची कॅश नाही."

"मग पाटी कशाला लावलीत?"

 दारावर पार्सलचे पैसे मागायला येणारी मुलंसुद्धा रिसेप्शनवरून माझ्याकडे धाडली जायला लागली, तेव्हा मी ती पाटी उतरवली आणि नवी लावली: 'कोठी'.

आमचे मालक नेरूरकर साहेब ती पाटी बघून हरखले. साहेब मालवणकडचे, मीही तिकडचीच. त्यांचे वडील गिरणीत होते, बालपण दहिसरच्या चाळीत गेलं. त्याच जागेवर आता टॉवर झाला आहे आणि साहेब तिथेच वरच्या मजल्यावर आईबरोबर राहतात. पतपेढ्या आणि सोसायट्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो: खाती, पासबुकं, पावत्या. माणूस दिलदार, पण एखादी गोष्ट मनाने घेतली की ती सगळ्या ऑफिसाला भोगावी लागे. पाटी मराठीत आहे तर कोठीचा सगळा कारभार मराठीत झाला पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. कोठीची परिस्थिती दाखवणारा एक मोठा पडदा पॅन्ट्रीच्या भिंतीवर होता. त्यावरच्या शब्दांचं भाषांतर माझ्यावर आलं.

मी केलं आणि मला ते जमलंय असंही वाटलं. बाहेरच्या भांडाराशी नुकतंच ताडून पाहिलेलं ते 'ताजं', हिरव्या अक्षरात. बरेच दिवस ताडून न पाहिलेलं ते 'शिळं', लाल अक्षरात. आमच्या धंद्यात शिळं म्हणजे खराब नव्हे. मालक गावाला गेलाय म्हणून भाव विचारता आला नाही, इतकंच. माल तोच, तसाच. पण चहा पिता पिता समोर लाल अक्षरात 'शिळं' दिसलं की माणूस हातातला कप खाली ठेवतो, याचा मी विचार केला नव्हता.

मुलुंडहून येणारा एक मुलगा होता, हुशार, टापटिपीचा. तो दर वेळी विचारायचा, "हे आधी कुणी वापरलंय का?" मी म्हणायचे, अरे, सगळ्यांनीच वापरलंय, त्यासाठीच तर ठेवलंय. तो नाक मुरडून म्हणायचा, "मग उष्टं झालं ना ते." प्रत काढली की मूळ झिजत नाही हे त्याला पदवीत शिकवलं असणार, पण उष्ट्यापुढे पदवीचं काही चाललं नाही. तो कोठीला वळसा घालून स्वतःचं थेट बाहेरून आणायचा आणि लाइन तुंबवायचा. शेवटी मी त्याचं बाहेर जाणं बंद केलं. त्यानंतर तो माझ्याशी हसला नाही.

हर्षदा याच्या उलट. ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली पोरगी, पावत्या आणि पासबुकांचं सगळं काम तिच्याकडे. आई अजूनही मासळी विकायला बसते. पडदा बघून ती मला म्हणाली, "ताई, 'शिळं' लिहून धंदा होतो काय? माझी आई बर्फातल्या पापलेटला पण आत्ताच होडीतून उतरलं म्हणून सांगते."

मी म्हटलं, "अगं, मी विकत नाही, वाटते."

"वाटणारे पण तोंड बघून वाटतात," ती म्हणाली. तिचं ऐकायला हवं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पावतीवर रक्कम आकड्यांत असते तशी अक्षरीही असते, 'रुपये अमुक अमुक फक्त'. इंग्रजीत हे सोपं आहे, वीसपर्यंतचे आणि पुढे दहादहाचे शब्द शिकवले की मशीन बाकीचे जोडून जोडून करतं. मराठीत तसं चालत नाही. आपल्याकडे शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्र बाण्याचा. कुणा एका भल्या माणसाने हे सगळे शब्द बसून लिहिले होते, लाख-कोटींसकट, आणि त्याचं छोटंसं पॅकेज करून भांडारात ठेवलं होतं. त्याचं नाव-गाव आम्हाला कधी कळलं नाही. आमच्या सगळ्या पतपेढ्यांच्या पावत्या त्याच्या शब्दांवर चालत.

या माणसाने एकोणऐंशी हा आकडा 'एकुणऐंशी' असा लिहिला होता. त्यावरून भांडाराच्या चर्चेच्या पानावर कुणीतरी त्याला हटकलं. त्याने उत्तर दिलं की आमच्याकडे असंच म्हणतात. मग तुमच्याकडे म्हणजे कुठे, मग व्याकरण, मग शुद्धलेखन, मग एकमेकांच्या शाळा निघाल्या. शेवटी एके सकाळी ते पॅकेज भांडारातून नाहीसं झालं होतं आणि त्या जागी त्याने एक ओळ ठेवली होती: 'आता तुमचं तुम्ही मोजा.'

आमचं काही बिघडलं नाही, कारण एक प्रत कोठीत होती. पण ती आता ताडून कुणाशी बघणार? बाहेर मूळच उरलं नव्हतं. म्हणून ती पडद्यावर कायमची शिळी, लाल यादीत अगदी पहिल्या नंबरावर.

कुणी म्हणेल, नवं लिहायचं होतं. हर्षदाही तेच म्हणाली आणि त्यासाठी मीटिंग बोलावली. पंचेचाळीस की पंचेताळीस इथेच अर्धी दुपार गेली. शहाऐंशीला नाशिककडचा एक जण उठून गेला. हर्षदाने वर्सोव्याला फोन लावून आईला विचारलं की तू सत्तर अधिक नऊला काय म्हणतेस. आई म्हणाली, तीन विसा एकोणीस, आणि गिऱ्हाईक आहे म्हणून फोन ठेवला. शिवाय पावतीवरचा मजकूर प्रत्येक पतपेढीच्या संचालकांनी ठराव करून मंजूर केलेला. एक उकार बदलायचा तर प्रत्येक पतपेढीत नवा ठराव, आणि तिथेही पंचेचाळीस की पंचेताळीस हे आलंच. तेव्हा सगळ्यांच्या मते, कोठीतली ती एक प्रत जपणं हाच शहाणपणा होता. ती गेली असती तर कुठल्याच पतपेढीत एकही पावती फाटली नसती.

आणि त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं.

आठवत असेल तुम्हालाही. घरोघरी चकल्यांच्या डब्यात, चिवड्यात तुळशीची पानं पडली होती. लक्ष्मीपूजन झालेलं, पाडवा यायचा, ऑफिसात जेमतेम माणसं. नेरूरकर साहेब दुपारी पॅन्ट्रीत आले, फराळाच्या ताटलीवर तुळशीपत्र आहे ना ते बघितलं, आणि मान वर केली तर समोर पडदा. मला बोलावणं आलं.

"परब, ह्या शिळा किती दिवसांचा?"

साहेब माझ्याशी मालवणीत बोलायला लागले की गोष्ट गंभीर असते. मी म्हटलं, काही महिन्यांचं आहे, काही वर्षांचं.

"आणि ग्रहण लागतला तरी तसाच ठेवतलंस?"

त्यांचं भय अगदीच हवेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मागच्या एका ग्रहणानंतर आमच्या एका मशीनची डिस्क बसली होती आणि महिनाभराचं काम गेलं होतं. डिस्क जुनी होती म्हणून बसली, पण साहेबांच्या मनात ते ग्रहण राहिलं होतं. त्यांनी हुकूम सोडला की ग्रहण लागायच्या आत लाल यादीतलं सगळं फेकायचं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, "साहेब, ते अन्न नाही."

"कोठी तूच म्हणालंस. शिळा तूच लिवलंस."

"फराळात तुळशीपत्र घालतो, तसं इथे घालू."

"फराळ ताजो आसा. शिळ्याक तुळस घालून कोण खाता?"

मी सांगितलं की यादीतला पहिला नंबर गेला तर पावत्या बंद पडतील. ते म्हणाले, नवा आण. मी म्हटलं, नवा जगात नाही. ते म्हणाले, मग इतकी वर्षं लोकांना काय खायला घालतेयस. माझीच उपमा माझ्याच अंगावर येत होती आणि साहेब त्या उपमेत माझ्यापेक्षा पक्के बसले होते.

प्रत दुसरीकडे काढून ठेवायची होती, हे वाचणाऱ्या जाणकारांच्या ओठांवर आलंच असेल. काढली होती हो, पेनड्राइव्हवर. साहेबांनी विचारलं, खंय काय काढून ठेवलंस काय, तर मी खरं ते सांगितलं. त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी पेनड्राइव्ह टिशू पेपरात धरून घेतला, म्हणाले, "टोपातला वाटयेत काढला म्हणून ताजा होता काय?" आणि ग्रहण सुटल्यावर वर्सोव्याला समुद्रात टाकायला हर्षदाकडे सोपवला. हर्षदाने तो पर्समध्ये ठेवला.  मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कुणा अनोळखी माणसाने रागाने मागे टाकून दिलेलं काम आता फक्त माझ्या हातात उरलं होतं आणि तेच मला स्वतःच्या हाताने पुसायचं होतं.

मग मला सुचलं ते एकच. शिळ्याताज्यात साहेबांच्यावर एकच कोर्ट होतं, त्यांच्या आईचं. मी म्हटलं, "आईंना विचारू या."

साहेबांना नाही म्हणता येईना. फोन दहिसरला लागला, स्पीकरवर. आई ऐंशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. टीव्हीवर ग्रहणाचंच चाललं होतं, तो त्यांनी बारीक केला.

"कोण? परबांची काय गो तू? बोल."

मी म्हटलं, "आई, आमच्या ऑफिसात साठवणीचं आहे. शिळं आहे. साहेब टाकून द्या म्हणतात."

"शिजयलेला काय कोरडा?"

मी विचारात पडले. आमच्याकडे पॅकेजं दोन प्रकारची असतात. काही कच्च्या मजकुराच्या स्वरूपात, काही मशीनसाठी तयार करून ठेवलेली. मी हर्षदाकडे बघितलं, ती म्हणाली, "दोन्ही आहे."

"शिजयलेला टाक. कोरड्याक काय होणा नाय," आई म्हणाल्या.

साहेबांनी विजयी मुद्रेने मान हलवली, कारण आमचं ते आकड्यांचं पॅकेज नेमकं तयार, म्हणजे शिजवलेल्या प्रकारचं होतं. कच्चं आमच्याकडे कधी आलंच नव्हतं.  आणि का कुणास ठाऊक, तांत्रिक काही न बोलता मी बोलून गेले, "आई, एकच आहे त्यातलं. ते टाकलं तर पुन्हा मिळणार नाही. सगळं त्याच्यावरच लागतं."

 मग त्या म्हणाल्या, "मगे ता विरजण म्हण मां. शिळा काय म्हणतंस?"

साहेब फोनकडे सरकले.

"विरजण शिळाच आसता," आई पुढे म्हणाल्या. "शिळ्या दह्याबगर ताजा दही लागता खंय? त्येच्यावर तुळशीचा पान घाल नि ठेव. आणि माझ्या झिलाक सांग, पंचांग वाचता तसो कधीतरी स्वयंपाकघरात पण येत जा." टीव्ही पुन्हा मोठा झाला आणि फोन बंद झाला.

साहेबांनी हर्षदाकडून पेनड्राइव्ह मागून घेतला, टिशू पेपर काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "पान खंय घालूचा?"

हाही प्रश्न सोपा नव्हता. फाइलवर पान ठेवता येत नाही. हर्षदा म्हणाली, ताई, मशीनवरच ठेवा ना यार, देवाला कळेल कुठली फाइल ते. साहेबांना ते पटेना. त्यांना ती फाइल ज्या डिस्कवर आहे नेमकी तिच्यावर पान हवं होतं, तेव्हा मी खोलीत जाऊन बोटाने डिस्क दाखवली. साहेबांनी पान म्हणून मंजिऱ्यांसकट अख्खी डहाळी ठेवली. मशीनच्या तोंडाशी पंखे असतात, ते हवा आत ओढतात. मंजिऱ्या ओढल्या गेल्या. मशीन खडखडायला लागलं, लाल दिवा लागला, आणि वॉचमन काठी घेऊन धावत आला. पंखा थांबला, मग पुन्हा फिरला. आत कुठेतरी बिया गेल्या त्या गेल्याच. पण मशीन चाललं, आणि त्या संध्याकाळी ग्रहण लागलं नि सुटलं.

शिजवलेलं बाकीचं आम्ही आईंच्या हुकमाप्रमाणे टाकलं. ते परत मागवता येण्यासारखं होतं, पाडव्यानंतर आपोआप आलंही. पडद्यावरचा 'शिळं' शब्द मी त्याच दिवशी काढला आणि त्या जागी 'जुनं' लिहिलं. आणि जे बाहेर उरलेलंच नाही, जे कधीच पुसायचं नाही, त्याच्यासाठी एक नवा खण केला, 'विरजण'. आधी त्यात एकच वस्तू होती. पुढे आणखी जमत गेल्या. जगात लोक रागावतच असतात.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ऑफिसने मशीनं काढून टाकली, आता सगळं भाड्याच्या जागेत, ढगात म्हणतात तिकडे चालतं. कोठीची पाटी उतरवताना मला वाईट वाटलं, मी रडलेसुद्धा. भंगारवाल्याने मशीन उघडलं तेव्हा आतून वाळलेल्या मंजिऱ्या पडल्या. हर्षदाने त्या पॅन्ट्रीतल्या कुंडीत पेरल्या. उगवलं काही नाही. पण नव्या मुलांनी सगळा माल तिकडे हलवला तेव्हा विरजणाचा खणही तसाच नेला. त्यांच्यातल्या एकानेही मला फोन करून विचारलं नाही की हे काय आहे. म्हणजे समजलं असावं, किंवा हात लावायची भीती वाटली असावी. दोन्ही मला चालेल.

आमच्या सोसायटीच्या पावत्याही याच सॉफ्टवेअरवर निघतात. तळमजल्यावरच्या वहिनी आता खजिनदार आहेत. परवा त्या पावत्यांचा गठ्ठा आणि लाल पेन घेऊन बसल्या होत्या. एका पावतीवर 'एकुणऐंशी' होतं, ते त्या दुरुस्त करत होत्या. मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. एवढा उद्धटपणा मी कधी करत नाही.

"राहू द्या वहिनी," मी म्हटलं. "ते विरजण आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पावती तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर बेल वाजली. वहिनी वाटी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमचं दही लागत नाहीये दोन दिवस. तुमच्याकडे विरजण आहे म्हणालात ना?"

होतं माझ्याकडे. दिलं.